रस्सा सांग, दुखणं सांगतो

पहिल्यांदाच आलेली बाई टेबलावर पालथी झोपली, की अक्कांच्या पहिल्याच प्रश्नाला हमखास फसायची. पाठीवर कोमट तेलाची धार पडायची, अक्कांचे दोन्ही तळवे कमरेवर टेकायचे आणि वरून आवाज यायचा, "काल जेवायला काय केलतंस?"

बाईला वाटायचं, बोलायचं म्हणून बोलतायत. ती म्हणायची, "काही नाही हो, मटण होतं. रविवार ना."

"तांबडा का पांढरा?"

"तांबडा."

"सांग कसा केलास. पयल्यापासनं. मटण धुतलंस तितनं."

बाई सांगायला लागायची आणि अक्कांचे हात चालायला लागायचे. कांदा उभा चिरला, सुकं खोबरं भाजलं, तीळ भाजले. हात मणक्याच्या दोन्ही बाजूंनी सरकत खांद्यापर्यंत यायचे. कुठंतरी, खसखशीपाशी म्हणा, आल्यापाशी म्हणा, बाईचं वाक्य तुटायचं. "मग मी आलं... आलं-लसूण वाटून घेतलं." त्या घडीला अक्कांचा अंगठा जिथं असेल तिथंच थांबायचा.

"हं. हितं बसलंय पावणं."

कुठं दुखतं हे अक्का कुणालाही विचारत नसत. "दुखण्याचं माणूस खरं सांगत न्हाय," त्या म्हणायच्या. "एक वाढवून सांगतंय, एक दाबून ठेवतंय. रश्श्याचं कशाला कोण खोटं सांगंल?"

यातली गंमत अशी की अक्कांनी जन्मात मटण तोंडात घातलेलं नव्हतं. त्या कागलच्या पलीकडच्या, कर्नाटकाला लागून असलेल्या एका गावातल्या लिंगायत घरातल्या. गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग, घरात अंडंसुद्धा नाही. पण शिवाजी पेठेतल्या निम्म्या घरांचा तांबडा रस्सा त्यांना तोंडपाठ होता. कुणाच्यात खोबरं जास्त पडतं, कुणाची तर्री नुसती दाखवायची असते, कोणती सून सासूला न कळवता टोमॅटो घालते, सगळं माहीत. एखादी चुकली की त्या पाठीवर चापट मारून सांगायच्या, "आगं, पयलं खोबरं भाजून घ्यावं, मग त्याच तव्यावर तीळ. तुझी आई तसंच करायची की."

अक्का जाऊन आता काही वर्षं झाली. अजून एखादी बाई माझ्या टेबलावर पडल्या पडल्या आपणहून कांदा चिरायला सुरुवात करते.

त्या माझ्याकडे आल्या त्याही न बोलावता. मी आयुर्वेदिक मसाजचा रीतसर कोर्स केला होता आणि शिवाजी पेठेत एका पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन फक्त बायकांसाठी केंद्र काढलं होतं. सुताराकडून टेबल करून घेतलं, भिंतीला स्नायूंचा तक्ता लावला, मंद बासरीची सोय केली आणि बसून राहिले. पेठेतल्या बायका जिन्यापर्यंत यायच्या, पाटी वाचायच्या आणि परत फिरायच्या. ओळखदेख नसलेल्या बाईपुढं कपडे उतरवून पालथं पडायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांचा दोष नव्हता. तक्ता बघून मलाही जमलं नसतं.

अशात एका दुपारी एक उंच, हाडापेरानं मोठी बाई जिना चढून आली. पायात चप्पल नाही, हाताला तेलाचा वास. पेठेत घरोघर जाऊन बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या अक्का त्या ह्याच, हे मला नंतर कळलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"हे टेबल कशाला?"

"मसाजसाठी."

"वरनं बाई खाली पडली म्हंजे?"

"पडत नाही. रुंद आहे."

"आणि ह्यो कोण रडालाय?"

मी बासरी बंद केली. त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, उलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितला. "हात बरा हाय. पण भितोय. किती बायका आल्या आजपतूर?"

मी टेबलावरची कोरी नोंदवही पुढं सरकवली.

"उद्यापासनं येतो," म्हणाल्या आणि निघाल्या. आमच्याकडे बायका सर्रास 'येतो', 'जातो' म्हणतात, त्यात नवल नव्हतं. नवल याचं होतं की मी त्यांना या म्हटलंच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागून चार बायका जिना चढून आल्या आणि मी विचार करायचं सोडून तेल गरम करायला ठेवलं. हिशोब सरळ होता. ह्या बायका बाळंतपणात अक्कांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांच्यापुढं लाजायचं वय कधीच सरलं होतं.

अक्का मला मास्तरीण म्हणायच्या, तक्त्यामुळं. मी भिंतीवर बोट ठेवून एखाद्या स्नायूचं नाव सांगितलं की त्या कौतुकानं ऐकायच्या. "त्याला नाव पन हाय व्हय? बरं झालं. आता त्याला हाक मार आणि सोडव." त्या स्वतः दुखण्याला पावणं म्हणायच्या. अनोळखी माणसाला आमच्याकडे म्हणतात तसंच. पाहुणा सापडला की आधी त्याची विचारपूस व्हायची. "या पावणं. लई दिस मुक्काम केलासा. च्या झाला, जेवण झालं, आता उठा." मग अंगठा आत जायचा आणि कानडी सुरू व्हायचं. "होग. होग की." जा म्हणून. मी एकदा विचारलं, हाकलायला कानडी कशाला? म्हणाल्या, "माझ्या आयनं मला कानडीतच हाकललं हुतं सासरी. त्याबिगर कोण हलत न्हाय."

त्यांचे नियम मात्र पक्के होते. भरल्या पोटाच्या बाईला हात लावायचा नाही. ताप असला तर नाही. एकाच पोटरीला सूज असली तर तेलाची वाटी झाकून थेट दवाखान्यात धाडायचं. मग ती बाई कितीही मोठ्या घरची असो. एकीनं वाद घातला, "तुम्ही थोडं चोळून तर बघा." अक्का म्हणाल्या, "तुला बरं वाटंल म्हणून मी चोळू, आणि कायतरी झालं तर तुझा नवरा मला चोळंल." तिला दवाखान्यात जावं लागलं.

आणखी एक नियम अनवाणी राहण्याचा. मसाजच्या खोलीत फरशीवर तेल सांडतंच. मी रबरी चपला आणून ठेवल्या होत्या. त्या अक्कांनी जिन्यात नेऊन ठेवल्या. पाय जमिनीला लागल्याशिवाय हातात जोर येत नाही, हे त्यांचं म्हणणं. मी दिवसातून चार वेळा बेसन टाकून फरशी पुसायची आणि त्या त्यावरून मांजरासारख्या फिरायच्या.

फुटबॉलच्या दिवसांत तर त्यांच्यापुढं बोलायची सोय नसायची. पेठेच्या संघातली निम्मी पोरं अक्कांनी तान्ही असताना पायावर घेऊन चोळलेली. त्यामुळं ते पाय आपलेच, असं त्या धरून चालायच्या. मॅच असली की मोबाइल तेलाच्या बाटलीला टेकून उभा, हात गिऱ्हाइकाच्या पाठीवर आणि डोळा मोबाइलवर. "आरं मार की! ह्याच्या घोट्याला मी बारा म्हैनं तेल लावलंय गं. असा बॉल हुकवायला लावलं हुतं व्हय?" पेठ हरली त्या दिवशी ज्या बाईचं अंग त्यांच्या तावडीत सापडलं, तिला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारावं लागलं, बऱ्या आहात ना.

आता कांडपवालीबद्दल सांगायला हवं.

आमच्या मागच्या गल्लीत एका बाईचं चटणीचं कांडप आहे. उन्हाळ्यात तिथं मिरच्या कांडायला रांग लागते आणि सगळी गल्ली शिंकत असते. ती स्वतःही कांदा-लसणाची चटणी करून विकते. तिची चटणी लेकीबाळींबरोबर पार कुठं कुठं जाते. धडधाकट, कमी बोलणारी बाई. तिचा उजवा खांदा धरला होता. वेणी घालायला हात वर जाईना. ती आली, टेबलावर पडली, आणि अक्कांनी विचारलं काल काय केलतंस.

"सैपाक सून करती."

"मग तू काय करतीस?"

"चटणी."

"मग तीच सांग."

ती सांगू लागली. मिरच्या उन्हात दोन दिवस, देठं काढली, कांदा चिरून वाळवला, तेलात तळला, खोबरं भाजलं, लसूण सोलला, "मग... मग सगळं कांडायला घातलं." वाक्य तुटलं तेव्हा अक्कांचा अंगठा कमरेपाशी होता. त्यांना आश्चर्य वाटलं. खांद्याचं दुखणं कमरेत? पण वाक्य खोटं बोलत नाही. त्यांनी कमर धरली.

पुढच्या वेळी तिनं पुन्हा तीच चटणी सांगितली, पुन्हा तुटली. आता अंगठा मानेखाली होता. त्याच्या पुढच्या वेळी डाव्या बरगडीवर. अक्कांचे डोळे चमकले. मला जिन्यात ओढून नेऊन सांगितलं, "मास्तरीण, असलं कवा बघितलं न्हवतं. ह्या बाईचं पावणं हिंडालंय!"

मग त्यांनी त्या पाहुण्याचा पाठलाग सुरू केला. कमरेत दबा धरला, तर ते मानेत. मानेत गाठायला गेल्या, तर बरगडीत. कांडपवाली बिचारी मुकाट्यानं अंगभर मार खात होती आणि खांदा होता तिथंच होता. मी शेजारी, मागाहून करून घेतलेल्या दुसऱ्या टेबलावर एका बाईचं करता करता ऐकत होते. मी स्वयंपाक करणारी बाई आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की वाक्य तुटतं ते नेहमी लसणाच्या पुढं आणि कांडपाच्या आधी. अक्कांचा हात कुठंही असो.

ती गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, तिथं दुखत नाहीय तिला. लसणानंतर ती काहीतरी घालते, ते आपल्याला सांगत नाहीय. धंद्याचं आहे ते तिच्या."

 अक्कांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "मला काय कळतंय चटणीतलं," म्हणाल्या. "मी मीठ-मिरची खाणारा माणूस." आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

प्रकरण तिथं थांबतं तर बरं होतं. पुढच्या वेळी कांडपवाली लसणापर्यंत आली, थबकली, आणि अक्का गरजल्या, "काय घालतीस ते सांगून टाक एकदाचं! त्याबिगर मला खांदा सापडायचा न्हाय."

ती उठून बसली. चादर अंगाभोवती गुंडाळली. "तुमी त्याल लावा," म्हणाली, "चटणीत हात घालू नका." आणि ब्लाउजची बटणं लावत लावतच जिना उतरली. पेठेत एवढ्या वर्षांत अक्कांच्या हाताखालून उठून गेलेली ती एकटीच. त्यानंतर कांडपावरून जायचं झालं तर अक्का वळसा घालून जायच्या. "शिंका येत्यात," म्हणायच्या.

पुढं अक्का पडल्या. फरशीवरच, आणि अनवाणीच. बेसन टाकून झालं होतं, पण मोबाइल घ्यायला त्या घाईनं वळल्या, पाय सटकला आणि सगळं अंग उजव्या मनगटावर आलं. आवाज मला ऐकू आला. त्या बसल्या बसल्या म्हणाल्या, "मोडला. रिक्षा आण."

दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टर सज्जन होते. हाड नीट जुळेल, प्लास्टर काढल्यावर व्यायाम करावा लागेल, घाई करायची नाही, असं त्यांनी सांगितलं. अक्कांचा मुलगा कागलहून आला. साखर कारखान्यात कामाला, आईसारखाच उंच, आवाज मात्र खालचा. म्हणाला, "अव्वा, आता बास. हितं एकटी खोली करून ऱ्हाण्यापरास घरला चल."

"हात बरा झाल्यावर बघू."

"बरा झाल्यावर परत हितंच बसशील."

"मग तुला कळालंय की," अक्का म्हणाल्या.

शेवटी असं ठरलं की प्लास्टर निघून हात पहिल्यासारखा कामाला लागला तर त्या इथंच राहतील, नाहीतर तो रिक्षा घेऊन येईल आणि त्या मुकाट्यानं बसतील. अक्कांनी त्याला शब्द दिला, करंड्याला हात लावून. त्यामुळं तो मोडता येणार नव्हता.

प्लास्टरच्या दिवसांत त्या रोज यायच्या आणि माझ्या चुका काढायच्या. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट लाकडासारखं. दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी मुलगी त्यांना आवडली. ती जे सांगेल ते त्या दुप्पट करायच्या आणि तिचा ओरडा खायच्या. कणीक मळायची, ओलं फडकं पिळायचं, चेंडू दाबायचा. पेठेच्या संघातल्या एका पोरानं टेनिसचा चेंडू आणून दिला. "हा तरी नीट दाबा अक्का," तो म्हणाला. "तुझा तू तरी नीट मारलास व्हय कवा?" अक्का म्हणाल्या. मनगट वळायला लागलं. डॉक्टर खूश होते.

पण काम सुरू करायचं नाव अक्का काढेनात. मी म्हटलं, हलक्या हातानं बाळं तरी घ्या. "आज नको." दुसऱ्या दिवशी म्हटलं, "उद्या बघू." आणि एकदा मी तेलाची वाटी घेऊन पुढं झाले, हलकं लावून देते म्हणून, तर त्यांनी दोन्ही हात पदरात घेतले.

"मला कोण त्याल लावत न्हाय."

"का?"

"लावत न्हाय म्हणून."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. इतक्या वर्षांत त्या टेबलावर कधी चढल्या नव्हत्या. सर्दी झाली तर तळपायाला स्वतःच लावायच्या. मी ते वयाचं, संकोचाचं समजत होते. पण मुलगा रविवारी येणार होता, आणि शुक्रवारपर्यंत माझा पेशन्स संपला. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर मी दाराला कडी लावली.

"अक्का, टेबलावर झोपा."

"शानी हायस."

"मनगट वळतंय. डॉक्टर म्हणतात बरं आहे. तरी तुम्ही कुणाला हात लावत नाही. म्हणजे दुखतंय ते दुसरीकडंच कुठंतरी. मला बघू द्या."

"तुला काय दिसनार?"

"मला दिसणार नाही. मी ऐकणार."

  पदर खोचून त्या टेबलावर चढल्या. आधी टेबल हलवून बघितलं, रुंद आहे ना.

"काल काय केलं होतं जेवायला?" मी विचारलं.

"भाकरी आनि झुणका. त्यात काय सांगायचं?"

"मग रस्सा सांगा."

"मी करत न्हाय."

"पेठेतल्या सगळ्यांचा येतो तुम्हाला. त्यातला एक सांगा."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. कुणा घरचा होता कुणास ठाऊक, पण बारीकसारीक तपशिलासकट. मी उजव्या मनगटापासून सुरू केलं. कांदा चिरला, खोबरं भाजलं. मनगट वळवलं, दाबलं; वाक्य सरळ. उजवा खांदा, मान. तीळ, खसखस, सगळं एका दमात. बाईला डाव माहीत होता आणि ती मला हरवायला बसली होती. मी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गेले. आवाज किंचित चढला, पण तुटला नाही. मी टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूला आले. चांगल्या हाताच्या. त्यांना वाटलं झालं. रस्सा उकळायला लागला होता. मी डावा अंगठा मुळाशी धरला आणि हळू दाब दिला.

"मग चटणी घालायची, आनि वरनं मटणाचं..."

मी थांबले. खालची गिरणी बंद झालेली. अक्का पालथ्याच, गाल चादरीवर.

"मीठ सांगितलं का मी?" त्या म्हणाल्या.

"मघाशीच सांगितलंत."

"मग फुडं काय?"

"अक्का, कधीपासून?"

त्यांनी डावा अंगठा माझ्या हातातून सोडवून मुठीत घेतला. मग म्हणाल्या, "लई दिस झालं. दोन्ही. ह्यो उजवा पयला. पडायच्या आधीपासनं. मी कोपरानं दाबत हुतो, तुला कळालं न्हाय."

मला खरंच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. अंगठ्यांच्या मुळाशी झीज आहे, ते म्हणाले. रोजच्या कामाला हात चालतील, पण जोर लावून दाबायचं काम करू नये. केलं तर झीज वाढेल. यात त्यांनी काही लपवलं नाही आणि आम्हीही पुन्हा पुन्हा विचारलं नाही.

परतताना रिक्षात अक्का म्हणाल्या, "झालं मग. उद्या तो येतोय. शबुद दिलाय मी."

"शब्द काय दिलाय? हात पहिल्यासारखा कामाला लागला तर."

"लागत न्हाय की."

"तुमचा कान लागतो," मी म्हटलं. "उद्या दहाला या. एक बाई आहे. मी दाबते, तुम्ही स्टुलावर बसा आणि ऐका."

"मी स्टुलावर बसून काय करू? टाळ्या वाजवू?"

"मी तुमच्याइतकी ऐकू शकत नाही. हात चालवायचा आणि वाक्यही धरायचं, माझ्यानं होत नाही. वर्षानुवर्षं बघतेय मी. काल तुमचा आवाज चढला म्हणून जमलं. तुम्ही थांब म्हणा, मी थांबते."

"आणि बाई कोन?"

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या आल्या नसत्या. त्याच संध्याकाळी मी स्वतः कांडपावर जाऊन आले. मागच्या बाजूला ती बाई डाव्या हातानं पोतं ओढत होती. खांदा तसाच होता. तिला मी इतकंच म्हटलं की या, दाबणारी मी असेन. ती म्हणाली, "आनि त्या?" मी म्हटलं, त्या बसतील नुसत्या. ती म्हणाली, "बसू देत. चटणी इचारायची न्हाय." मी म्हटलं, बरं.

रविवारी दहाला अक्का आल्या तेव्हा मुलगाही बरोबर होता. सामानाची पेटी त्यानं जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसला. खाली रिक्षा थांबलेली. कांडपवाली आत येऊन टेबलावर पालथी झाली. अक्कांनी तिला बघितलं, मला बघितलं, आणि स्टूल पुढं ओढून तिच्या डोक्याशी बसल्या. मोबाइल बंद. दोन्ही हात मांडीवर.

मी तेल ओतलं.  मी चटणी विचारायची नाही असा शब्द दिलेला, आणि अक्कांची तर जीभच उचलेना. शेवटी कांडपवालीनं आपणहूनच सुस्कारा टाकला. "मिरच्या उनात घातल्या," ती म्हणाली. "दोन दिस."

माझे हात चालायला लागले. देठं काढली. कांदा वाळवला, तळला. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मी कमरेवरून वर आले. खोबरं भाजलं. माझा अंगठा उजव्या फऱ्याच्या, खांद्यामागच्या पसरट हाडाच्या, कडेशी पोचला. लसूण सोलला.

"मग..."

मी थांबले. अंगठा फऱ्याखाली होता, अगदी नेमका, खांद्याजवळ. मला वाटलं, सापडलं. मी जोर लावायला वाकले.

"ते सोड," अक्का डोळे न उघडता म्हणाल्या. "तितं दुखत न्हाय, तितं तिचा मसाला हाय. फुडं चल."

 टेबल हलायला लागलं. कांडपवाली हसत होती. एवढी धडधाकट बाई, पालथी पडून, चादरीत तोंड खुपसून हसत होती, आणि माझ्या हाताखाली तो धरलेला खांदा हसण्याबरोबर वर-खाली व्हायला लागला होता. अक्काही हसल्या, तोंड मिटूनच.

"कांडायला घातलं," कांडपवाली डोळे पुसत म्हणाली. "मग चाळलं. मग डब्यात भरताना वरनं त्याल... त्याल सोडलं."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. हसण्यानं धाप लागली असेल असंच वाटलं. माझा अंगठा तेव्हा फऱ्यावरून उतरून काखेच्या मागच्या खळग्यात आला होता.

"थांब," अक्का म्हणाल्या.

मी थांबले.

"या पावणं," त्या वाकून अगदी हळू म्हणाल्या. "लई हिंडवलंसा."

जिन्यात मुलगा उठल्याचा आवाज आला. त्यानं खाली वाकून रिक्षावाल्याला काहीतरी सांगितलं, आणि रिक्षा रिकामीच निघून गेली. अक्कांनी तिकडं मानही वळवली नाही. त्यांनी दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवून माझ्याकडं बघितलं.

"आता दाब."